चौकातला दंड आणि महामार्गावरचा मृत्यू

जुलै २०२५ च्या आरंभी महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांच्या संघटनांनी ई-चलनाच्या जाचाविरुद्ध संप पुकारला. बोलणी झाली, आश्वासने देण्यात आली, संप मिटला. त्याच महिन्यात, वाहतूक पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर वाहनांची छायाचित्रे काढून दंड आकारू नये, अशी तंबी त्यांच्या वरिष्ठांना द्यावी लागली. या दोन घटनांनी एक जुनाच प्रश्न पुन्हा चव्हाट्यावर आणला आहे. आपले पोलिस खाते वाहनचालकांच्या किरकोळ चुकांमागे धावण्यात आपली शक्ती प्रमाणाबाहेर खर्च करीत आहे काय? रिक्षाच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, कार्यकर्त्यांच्या बैठकीत, सर्वत्र याचे उत्तर ‘होय’ असेच मिळते. आम्हांलाही उत्तर ‘होय’ असेच द्यावयाचे आहे. परंतु ज्या कारणांसाठी ते सामान्यतः दिले जाते, त्यांतील निम्मी कारणे आम्हांला मान्य नाहीत. आणि हा मतभेद आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम ‘किरकोळ’ या शब्दाचाच विचार केला पाहिजे. कोणता नियमभंग किरकोळ? हेल्मेट न घालणे किरकोळ, पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे चाक जाणे किरकोळ, विम्याचा कागद घरी राहणे किरकोळ, सत्तरच्या मर्यादेच्या रस्त्यावर शंभरने गाडी हाकणेही पुष्कळांच्या लेखी किरकोळच. लोकांच्या बोलण्यात हे सारे एकाच रांगेत बसलेले असते, आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की पोलिसांच्या मासिक तक्त्यातही ते एकाच रांगेत बसतात. तिथे एक केस म्हणजे एक केस. वस्तुतः यांतील एका चुकीने कोणाचे काही बिघडत नाही, दुसरीने स्वतःचा जीव जातो आणि तिसरीने दुसऱ्याचा. हा भेद ज्या व्यवस्थेला करता येत नाही, तिची शक्ती कुठे खर्च होते हे मग योगायोगावर आणि सोयीवर अवलंबून राहते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. महाराष्ट्रातील संख्या १५ हजारांच्या वर होती. देशातील एकूण मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९ टक्क्यांहून अधिक, म्हणजे ३२ हजार ८२५, पायी चालणारे होते. हे आकडे वर्गनिरपेक्ष नाहीत. दुचाकीवरून आणि पायी कोण जाते, हे या पृष्ठाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्क्यांचे कारण अतिवेग असे नोंदविले गेले. (पोलिस पंचनाम्यात ‘अतिवेग’ हे कारण लिहिणे सोपे असते; रस्त्याचे वळणच चुकीचे बांधले होते असे लिहिण्यासाठी अभियंता लागतो आणि थोडे धैर्यही. तरीही वेग हे प्रमुख कारण आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.) राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, परंतु मृत्यूंपैकी ३६ टक्क्यांहून अधिक त्यांच्यावर घडले. दोनतृतीयांश मृत्यू ग्रामीण भागात झाले. दिवसाच्या प्रहरांत सर्वांत घातक ठरला तो संध्याकाळी सहा ते नऊचा.

आता आपला वाहतूक पोलिस कुठे उभा असतो ते पाहावे. तो शहरातल्या चौकात, सिग्नलच्या पलीकडे, वळणाच्या आडोशाला उभा असतो. तिथे गाड्यांचा वेग मुळातच ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. तिथे तो कागदपत्रे तपासतो, पट्टा ओलांडणाऱ्यांचे फोटो घेतो, टोइंगच्या गाडीसोबत फिरून पदपथाकडेची दुचाकी उचलवतो. त्याच वेळी तालुक्याच्या गावाबाहेर, जिथे चौपदरी महामार्ग वस्तीच्या मधून गेला आहे आणि शाळेतून सुटलेली मुले दुभाजकावरून उडी मारून पलीकडे जातात, तिथे खाकी वर्दीचा मागमूस नसतो. जिथे दंड गोळा होतो तिथे माणसे फारशी मरत नाहीत, आणि जिथे माणसे मरतात तिथे दंड करायला कोणी नसते. आमची मूळ तक्रार ही आहे.

हे असे का होते? पोलिस आळशी किंवा दुष्ट आहेत म्हणून होते, असे मानणे सोपे आहे. पण ते खरे नाही. देशात लाखामागे सुमारे १९५ पोलिसांची पदे मंजूर असताना प्रत्यक्षात सुमारे १५५ च भरलेली आहेत. उरलेल्यांपैकी कित्येक बंदोबस्तात, सणावारांत, मंत्र्यांच्या ताफ्यापुढे खर्ची पडतात. चौकातला शिपाई दहा-दहा तास धूर गिळत उभा असतो. त्याला किती केसेस केल्या हे विचारले जाते. त्याच्या हद्दीत या वर्षी किती जीव वाचले हे त्याला कोणी विचारीत नाही. कोणत्याही श्रमिकाप्रमाणे तोही ज्या मापाने मोजला जातो, तेच माप भरण्याच्या मागे लागतो. रात्री अकरा वाजता महामार्गावर भरधाव ट्रक थांबविण्यासाठी गाडी, उपकरण, सोबतचे चार सहकारी आणि जिवाची जोखीम लागते, आणि हाती लागते एक केस. चौकात तासाभरात तीस होतात. कारखान्यात तुकड्यावर मजुरी दिली की माल घाईचा आणि हलका होतो, हे आपण कामगार चळवळीत शिकलो. पोलिस खात्यात तेच घडत आहे.

शिक्षेच्या अर्थशास्त्रात एक गोष्ट फार पूर्वीच स्पष्ट झालेली आहे. इटलीच्या बेक्कारियाने १७६४ मध्ये लिहिलेल्या आपल्या प्रबंधात, गुन्हा रोखते ती शिक्षेची कठोरता नसून तिची निश्चिती, असे प्रतिपादन केले. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हाच विचार गणिती सूत्रात बसविला. बेकर काही आपल्या पंथाचा नव्हे, तो शिकागोच्या मुक्त बाजारवाद्यांपैकी. परंतु त्याने स्वतः सांगितलेली हकिगत मनोरंजक आहे: एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला उशीर होत होता, तेव्हा पैसे देऊन गाडी उभी करावी की रस्त्यावरच बेकायदा सोडून द्यावी, याचा हिशेब त्याने मनाशी केला. पकडले जाण्याची शक्यता कमी वाटली, म्हणून गाडी रस्त्यावर सोडून तो गेला, आणि जाता जाता त्याला आपला सिद्धान्त सुचला. आपल्याकडचा प्रत्येक वाहनचालक हाच हिशेब रोज करतो, त्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळत नाही एवढेच.

आपल्या राज्यकर्त्यांनी मात्र बेक्कारियाचा धडा उलटा वाचला. मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून अमलात आली आणि दंडाच्या रकमा एकदम अनेक पटींनी वाढल्या. हेल्मेट नसल्यास शंभराचे हजार, परवान्याशिवाय गाडी चालविल्यास पाचशेचे पाच हजार. महाराष्ट्र शासनाने ही वाढ काही काळ रोखून धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तडजोड शुल्काचे नवे दर लागू केले. म्हणजे कठोरता वाढली. निश्चिती होती तिथेच राहिली. किंबहुना तिचे वाटप अधिकच विषम झाले. पकडले जाण्याची शक्यता कमी आणि दंड मोठा, अशा परिस्थितीत दोनच गोष्टी होतात. चौकात पावतीऐवजी चिरीमिरीचा भाव वाढतो, किंवा दंड लागलाच तर तो भरला जात नाही. आज राज्यात ई-चलनांची थकबाकी हजारांच्या कोटींत पोचली आहे, ती उगाच नव्हे.

या थकबाकीचा प्रश्न आला की सवलतीची भाषा सुरू होते. तेलंगणाने २०२२ मध्ये दुचाकींना ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने २०२३ मध्ये ५० टक्के. आपल्याकडे लोकअदालती भरतात. अशी सवलत गरिबाच्या कळवळ्यातून आल्यासारखी दिसते. परंतु तिचा लाभ कोणाला होतो याचा हिशेब मांडून पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. रिक्षावाल्याला, टेम्पोवाल्याला आपल्या गाडीचे योग्यता प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नवे करून घ्यावे लागते. तिथे जुना दंड समोर येतो आणि तो भरल्यावाचून त्याची गाडी, म्हणजे त्याची चूल, चालत नाही. खासगी मोटारीच्या धन्याला पहिली पंधरा वर्षे अशा तपासणीची गरजच नसते. गाडी विकायची वेळ येईपर्यंत तो निश्चिंत असतो, आणि तोवर एखादी सवलत येतेच. ज्याने निमूट भरले तो मूर्ख ठरतो, आणि निमूट भरणाऱ्यांत बहुसंख्य ते असतात ज्यांच्यापुढे न भरण्याचा पर्यायच नसतो.

दंडाची रक्कम सर्वांना सारखी, हे वरवर पाहता समतेचे तत्त्व वाटते. करशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की डोईपट्टी हा सर्वांत विषम कर. दिवसाकाठी सहाशे-सातशे रुपये मिळविणाऱ्या घरपोच सेवेच्या मुलाला हजार रुपयांचा दंड म्हणजे दीड दिवसाची कमाई. ज्याच्या मोटारीची किंमत कोटीच्या घरात आहे त्याला तो रस्त्यावरचा टोल. टोल भरला की रस्ता आपला, अशी त्याची समजूत होते. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड दैनंदिन उत्पन्नाच्या प्रमाणात ठरविण्याची पद्धत आहे. २०२३ मध्ये तेथील एका धनाढ्य उद्योजकाला पन्नासच्या मर्यादेत ब्याऐंशीच्या वेगाने गाडी चालविल्याबद्दल १ लाख २१ हजार युरो मोजावे लागले. आपल्याकडे बहुसंख्य लोकांच्या उत्पन्नाची नोंदच नसल्याने ती पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु वाहनाची किंमत आणि वर्ग यांची नोंद तर परिवहन कार्यालयात असतेच! २०१९ च्या दुरुस्तीत २१०-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार राज्य शासनाला दंडाच्या रकमेला एक ते दहापर्यंतचा गुणक लावता येतो, आणि वाहनांच्या निरनिराळ्या वर्गांना निरनिराळा गुणक लावण्याची मुभा त्याच कलमात आहे. म्हणजे आलिशान मोटारीला दुचाकीच्या कित्येक पट दंड लावण्याच्या दिशेने पाऊल टाकायला नवा कायदा नको. केंद्राने अटी घातल्या तर त्या पाळून राज्याने राजपत्रात अधिसूचना काढणे पुरेसे आहे. हे कलम वाचलेला एखादा आमदार विधिमंडळात उठून बोललेला आम्हांला पाहावयास मिळेल, तो सुदिन.

दंड हे महसुलाचे साधन बनले की काय होते, याचा धडा अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन या लहानशा शहराने दिलेला आहे. तिथल्या पोलिसाच्या गोळीने २०१४ मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला आणि शहर पेटले. केंद्रीय न्याय खात्याने चौकशी करून मार्च २०१५ मध्ये जो अहवाल दिला, तो गोळीबारापेक्षा दंडाविषयीच अधिक बोलतो. १ कोटी ३२ लाख डॉलरांच्या सर्वसाधारण महसुलापैकी सुमारे ३१ लाख डॉलर दंड व शुल्कातून येतील, असे गृहीत धरून शहराचे अंदाजपत्रक बनविले जात होते, आणि पोलिसांवर त्यासाठी दबाव होता. कृष्णवर्णीय लोक वस्तीच्या ६७ टक्के, पण वाहन अडविल्याच्या घटनांत ८५ टक्के. आपल्याकडची स्थिती इतकी उघड नाही. आपल्या राज्याच्या अंदाजपत्रकात दंडाचा वाटा नगण्य आहे. तथापि टोइंगचा ठेका गाडीमागे पैसे घेणाऱ्या खासगी ठेकेदाराला द्यावयाचा, चौकीला केसेसचे तोंडी लक्ष्य द्यावयाचे आणि वर्षअखेरीस वसुलीचा आकडा वृत्तपत्रांतून कामगिरी म्हणून मिरवायचा, हा रस्ता त्याच गावाकडे जातो.

आता कॅमेऱ्यांविषयी. कॅमेरा लाच घेत नाही, जात विचारीत नाही, म्हणून तो गरिबाचा मित्र असे आपल्यातील काही सुशिक्षितांना वाटते. त्यात तथ्यांश आहे. परंतु कॅमेऱ्याला दिसतो तो पाटीवरचा क्रमांक. ज्याची पाटी स्वच्छ, पत्ता खरा आणि मोबाइल क्रमांक नोंदलेला, त्यालाच तो पकडतो. १९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कल्याणीनगरात ज्या पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तिच्यावर क्रमांकाची पाटी नव्हती. १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे तिची कायम नोंदणी अडून राहिली होती. कोट्यवधींची गाडी, तिच्या शुल्काचे सतराशे अठ्ठावन्न रुपये थकलेले, आणि ती आपल्या शहरात फिरत होती. ती चालविण्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून काही तासांत जामीन दिला, हे सर्वश्रुत आहे. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, घटनेची खबर वरिष्ठांना वेळीच न दिल्याबद्दल दोन पोलिस निलंबित झाले. ज्या शहरात पांढऱ्या पट्ट्यावर चाक टेकले तरी संदेश खणखणतो, त्या शहरातली ही गोष्ट. लोकांचा संताप त्या निबंधावर केंद्रित झाला. आमच्या मते त्याहून गंभीर प्रश्न असा आहे की बिनपाटीची ती गाडी त्या रात्रीपूर्वी एकाही चौकात का अडविली गेली नाही. रस्त्यावरच्या शिपायाला गाडी पाहून धन्याची ओळख पटते, आणि हात कोणाला दाखवायचा व कोणाला सलाम करायचा हे तो त्यावरून ठरवतो. हा विवेक त्याला कोणी शिकविला, याचा शोध वर घ्यावा लागेल.

आणि जो गाडी चालवीत नाही पण ज्याच्या निर्णयाने माणसे मरतात, त्याचे काय? २०१९ च्या त्याच दुरुस्तीत १९८-अ असे एक कलम आहे. रस्त्याचे आराखडे, बांधकाम वा देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्याने, सल्लागाराने अथवा ठेकेदाराने सुरक्षिततेचे मानदंड पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर दंड किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. शेकडो कोटींचे काम घेणाऱ्याला एक लाख! दुचाकीस्वाराचा दंड दहापट वाढविणाऱ्या संसदेला ठेकेदाराच्या बाबतीत एवढाच आकडा सुचला. २०२२ मध्ये खड्ड्यांमुळे १,८५६ माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. त्यांच्यासाठी कोणत्या ठेकेदाराला चलन गेले? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यात वा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मेलेल्यांच्या वारसांना सहा लाख रुपये देण्याचा आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. जे कायदेमंडळाने करावयाचे ते न्यायालयाला करावे लागले.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये थाटात खुला झाला. पुढच्याच वर्षी १ जुलैच्या रात्री बुलढाणा जिल्ह्यात खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी होरपळून मेले. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात बेस्टची भाडेतत्त्वावरील विजेवर चालणारी बस गर्दीत घुसून किमान सात जणांचा बळी गेला. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, आणि अशी अवजड विजेची बस चालविण्याचे पुरेसे शिक्षण त्याला मिळाले होते काय, हा प्रश्न अपघातानंतर विचारला गेला. अटक झाली ती चालकाला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास एवढे मर्यादित केले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. चौसष्ट वर्षांच्या त्याच्या आयुष्यात लांब पल्ल्याच्या किती ट्रकमालकांवर तासांची मर्यादा मोडल्याबद्दल कारवाई झाली, हे एखाद्या कामगार अधिकाऱ्याने सांगावे. चालकाला झोप आली, हा चालकाचा गुन्हा. त्याला सलग सोळा तास चाकावर बसविले, हा कोणाचाच गुन्हा नाही. दहा मिनिटांत माल घरी पोचविण्याची जाहिरात ज्यांनी केली त्यांना सिग्नल तोडल्याचे चलन कधी गेले नाही. ते गेले पाठीवर पेटी बांधलेल्या पोराला. जुलैचा संप मालकांचा होता, चालकांचा नव्हता, हेही याच संदर्भात ध्यानात ठेवावे. चलनाचे पैसे चालकाच्या पगारातून कापून घेणारे मालक त्या दिवशी चालकाच्या नावाने घोषणा देत होते.

उसाचा हंगाम आला की आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेली, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबणारी, मागे ना दिवा ना परावर्तक पट्टी अशी वाहने रात्रभर धावतात. मागून येणारा दुचाकीस्वार थेट त्यांच्याखाली जातो. दरवर्षी हे घडते, दरवर्षी पोलिस ते पाहतात. ट्रॅक्टरवाल्याला अडवून काय होणार? त्याच्या उचलीचे पैसे मुकादमाकडे, मुकादमाची उचल कारखान्याकडे, आणि कारखान्याचे अध्यक्ष पोलिस ठाण्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे. गव्हाणीशी वजन करताना परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली परत पाठवावी, असा एक नियम केला आणि तो मोडल्यास दंड कारखान्याला लावला, तर एका हंगामात रस्ता सुधारेल. त्यासाठी एकही जादा पोलिस लागणार नाही.

किरकोळ गोष्टींकडे दुर्लक्ष केले की मोठी बेशिस्त माजते, फुटलेली काच तशीच ठेवली की सारे घर फुटते, असा एक सिद्धान्त अमेरिकेतील विल्सन व केलिंग यांनी १९८२ मध्ये मांडला आणि आपल्याकडच्या पोलिस अधिकाऱ्यांच्या व्याख्यानांतूनही तो ऐकू येतो. शिस्त हवी, याबद्दल वाद नाही. पण हा सिद्धान्त जिथे जिथे राबविला गेला तिथे काच फुटल्याची शिक्षा बहुधा त्या घरातल्या भाडेकरूला झाली, घरमालकाला नव्हे. तेव्हा त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन दिसत नाही.

याउलट, पोलिसांचा प्रयत्न जिथे खरोखर जीव वाचवितो तिथे तो वाढलाच पाहिजे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर एका मोटारीखाली चिरडले गेले. त्यानंतर जून २००७ पासून मुंबई पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध मोहीम हाती घेतली. रात्री नाकाबंदी, श्वासाची तपासणी, आणि दंडावर न सुटता न्यायालयात उभे राहण्याची वेळ. त्यात मोटारवालेही सापडले, म्हणून ती लक्षात राहिली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ पासून हेच अधिक व्यापक प्रमाणावर केले, कोणालाही, कधीही, उघडपणे थांबवून. आणि मृत्यू घटले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली होती. कठड्यांची दुरुस्ती, धोक्याच्या जागांची बांधणी, जखमींना लवकर मदत आणि वेगावर नजर, या सर्व गोष्टी एकत्र केल्यावर पुढील वर्षांत हा आकडा शंभराच्या खाली आणता आला. त्यात पोलिसांचा वाटा होता; पण तो अभियंता आणि डॉक्टर यांच्या जोडीने होता.

हेल्मेटच्या बाबतीत आम्हांला स्पष्ट बोलले पाहिजे, कारण इथे आपलेच काही मित्र वाहवत जातात. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध सर्वपक्षीय आरोळी उठली. पुणेकरांच्या स्वातंत्र्यावर घाला, केस गळतात, मान दुखते, शहरात वेगच नसतो, असे युक्तिवाद झाले. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५० हजार २९ दुचाकीस्वार व त्यांचे सहप्रवासी या देशात मेले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष आहेत. मेलेल्यांत बहुसंख्य कमावते तरुण असतात. त्यांच्यामागे उरलेल्या घरांची काय अवस्था होते, हे आपले कार्यकर्ते सांत्वनाला जातात तेव्हा पाहतातच. तेव्हा हेल्मेटची सक्ती ही किरकोळ बाब नव्हे आणि तिला विरोध करणे हे गरिबांचे राजकारण नव्हे. आपण मागावयाचे ते निराळे. चांगले हेल्मेट दुचाकीच्या किमतीतच मिळावे, पहिल्या वेळी दंडाऐवजी हेल्मेट हातात द्यावे आणि त्याचे पैसे घ्यावेत, आणि ही तपासणी शहराच्या पेठेत कमी व गावाबाहेरच्या रस्त्यावर अधिक व्हावी.

पायी चालणाऱ्याला तर हेल्मेटही नाही. त्याच्यासाठी वेग कमी करणे हाच एक उपाय आहे, आणि सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर उंचवटा घालणे, रस्ता अरुंद करणे, दिवा लावणे यांसाठी पोलिस लागत नाही. दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक दिनेश मोहन, जे २०२१ मध्ये निवर्तले, ते चालकाच्या स्वभावाला दोष देत बसण्यापेक्षा रस्ता असा बांधा की चूक झाली तरी जीव जाऊ नये, असे वर्षानुवर्षे सांगत राहिले. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये हेच तत्त्व राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले. आपण ‘वाहतूक सुरक्षा सप्ताह’ साजरा करतो, शाळेच्या मुलांना फलक घेऊन उन्हात उभे करतो, आणि सप्ताह संपला की चौकात पावतीपुस्तक उघडतो.

कार्यकर्त्यांना काय करता येईल, असा प्रश्न येईलच. सरसकट चलनमाफीच्या मोर्चांत सामील होऊ नये. त्यातून मोटारमालकांची थकबाकी माफ होते आणि रिक्षावाल्याने आधीच भरलेली रक्कम परत येत नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर वा प्राणघातक अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर त्या जागेला केंद्र शासनाच्या व्याख्येनुसार ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात, आणि त्याची यादी सरकारदप्तरी असते. ती यादी माहितीच्या अधिकारात मागवावी. त्याच अर्जात, गेल्या वर्षभरात जिल्ह्यात कोणत्या ठिकाणी किती चलने झाली आणि कलम १९८-अ खाली एकूण किती कारवाया झाल्या, हेही विचारावे. दोन्ही याद्या गावाच्या चावडीवर शेजारी शेजारी लावाव्यात, आणि पुढच्या बैठकीला जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवाव्यात.